एकाच वासाचं घर

"डोळ्याला पट्टी बांधलीय, नाकाला नाही! नाक उघडं आहे तोवर या घरात माझ्यापासून काही लपायचं नाही, सांगून ठेवतो!"

डोळ्याचं ऑपरेशन करून घरी आल्या आल्या, चपला काढायच्याही आधी, सासरेबुवांनी ही घोषणा केली. आणि लगेच भिंतीवर आपटले.

पण नाकाचा अभिमान काही खोटा नव्हता. आख्खी नोकरी त्यांनी चहाच्या कंपनीत चव घेण्यात घालवली होती. लांबच लांब टेबलावर कप मांडलेले असायचे, सासरेबुवा एकेका कपात नाक खुपसायचे, चमचाभर चहा फुर्रर्र करून ओढायचे आणि सांगायचे, "पावसात तोडलेला आहे." किंवा, "पोत्याशेजारी साबण ठेवला होता कुणीतरी." कंपनीतले मोठे साहेबसुद्धा त्यांच्या खोलीत शिरायच्या आधी बाहेर अत्तर पुसून यायचे म्हणे!

आता परिस्थिती अशी होती, की एका डोळ्याला पट्टी, दुसरा डोळा फार दिवसांपासून नुसता नावाला. कानात यंत्र असायचं, पण त्याची दांडी पट्टीवर घासते म्हणून तेही डबीत जाऊन बसलेलं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर शब्द कळायचे, पण आवाज कोणाचा ते नाही. सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखे! राहता राहिलं नाक.

आणि ते नाक खरोखर चालायचं. दाराशी बामचा वास आला, की ते म्हणायचे, "ये, ताई!" त्यांची लेक, म्हणजे सूनबाईची नणंद. तिचं डोकं जन्मल्यापासून दुखत होतं. छापखान्याच्या शाईचा वास आला, की चिरंजीव, म्हणजे सूनबाईचे यजमान. आणि कपड्याच्या साबणाचा वास आला, की सूनबाई.

"बघा! डोळे हवेत कशाला?" ते खूश व्हायचे.

सूनबाई मात्र खूश नव्हती. कारण ताई नुसती सेवेला आली नव्हती. ती बाबांना घेऊन जायला आली होती, आणि तेही कायमचं! "पट्टी सुटली की चला माझ्याकडे," असं ती पहिल्याच दिवशी कानात ओरडून म्हणाली होती. इतकी वर्षं सासऱ्यांना सांभाळलं, आणि आता ते बॅग भरून निघणार? लोक काय म्हणतील, हा एक भाग. पण दुसरा भाग लोकांना सांगण्यासारखा नव्हता. यजमान छापखान्यात गेल्यावर दिवसभर घरात कुरकुर करायला तरी एक माणूस होतं. ते गेलं, तर दुपारी तिनं काय पंख्याशी बोलायचं?

पण भांडायची सोय नव्हती. सूनबाईचा रोजचा एक नेम होता. सकाळी देवापुढे हात जोडून ती मनाशी म्हणायची, आज कोणाला उलट उत्तर द्यायचं नाही. आणि नेम मोडला तर रात्रीचं जेवायचं नाही! तेव्हा ताईशी तोंडानं लढणं शक्य नव्हतं. सूनबाई लढली ती चंदनाच्या तेलानं.

गल्लीच्या टोकाला जी पार्लरवाली होती, तिनं दुकानाच्या मागच्या खोलीत सुगंधी तेलांचा वर्ग काढला होता. सूनबाई तिथली सगळ्यात मन लावून शिकणारी बाई. चंदनाच्या तेलाचे फायदे तिला तोंडपाठ! मन शांत होतं. झोप लागते. कातडी मऊ पडते. खोलीत बरं वाटतं, आणि जिथे बरं वाटतं तिथून माणूस हलत नाही. हे शेवटचं पार्लरवालीनं शिकवलं नव्हतं, ते सूनबाईचं स्वतःचं संशोधन!

"जपून हं वहिनी," बाटली देताना पार्लरवाली म्हणाली होती. "अस्सल आहे. दाट असतं, उग्र नसतं, पण चिकट! एकदा बसलं की उठत नाही. वाटीभर खोबरेल तेलात थेंब-दोन थेंब, बस्स. आणि डोळ्यांच्या जवळपास न्यायचं नाही. आधी कोपरापाशी लावून बघा, खाज सुटत नाही ना."

सूनबाईनं नियम पाळला. आधी कोपरापाशी लावून बघितलं. यजमानांच्या!

"हे काय आता?" ते बनियनवर बसून चहा पीत होते.

"हलू नका. खाजतंय का?"

"नाही."

"आता?"

"अगं, तू इतक्यांदा विचारलंस की आता खाजायला लागलंय!"

पण पुरळ आलं नाही, तेव्हा तेल पास झालं. पहिल्या दिवशी थेंबभर खोबरेल तेलात मिसळून तिनं सासऱ्यांच्या तळपायांना चोळलं. घरात मंद, गोड वास पसरला. ताईसुद्धा म्हणाली, "छान आहे गं!" दुसऱ्या दिवशी सूनबाईनं दार उघडून वास घेतला, तर काहीच नाही! आता, दिवसभर एकाच वासात बसलेल्या नाकाला तो वास येईनासा होतो, हे पार्लरवालीनं शिकवलं होतं. पण त्या तासाला सूनबाई दळण आणायला गेली होती. तिला वाटलं, वास उडाला! तिनं आणखी थोडं घातलं. पडद्यांना लावलं. उशीच्या अभ्र्याला लावलं. गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून ते पातेलं खोलीखोलीतून फिरवलं. फरशी पुसायच्या पाण्यात घातलं. तरी वास येईना, म्हणून पुन्हा घातलं! शेजारीण भिंतीपलीकडून ओरडून विचारायला लागली, "काय गं, घरात सुतारकाम काढलंय का?"

मग माणसांची पाळी आली. यजमान छापखान्यातून आले, की शाईचे हात धुवून झाल्यावर त्यांच्या हातांना चंदन. "कातडी मऊ पडते!" कामावर मशीनवाला त्यांना 'नवरदेव' म्हणायला लागला, पण बायकोपुढे बोलणार कोण?

ताईचा बाम तर तिनं गोड बोलून सोडवला. "ताई, एवढा झणझणीत बाम कशाला? कपाळाला हे लावा. थंड वाटतं."

ताईनं लावलं. डोकं दुखायचं खरंच थांबलं! मग तिनं कपाळाला लावलं, मानेला लावलं, केसांना लावलं आणि उरलेला हात साडीला पुसला.

आणि सूनबाई स्वतः? ती तर चालती-बोलती चंदनाची बाटलीच झाली होती.

तिच्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. सासरेबुवांची पंचाईत झाली होती! त्यांचं कसलेलं नाक काही बधिर झालं नव्हतं, पण दाराशी कोणीही आलं, तरी चंदन. पाणी आलं, चंदन. औषध आलं, चंदन. पण "कोण आहे?" असं विचारायचं म्हणजे नाकानं हार मानायची. छे! त्यांनी दुसरी युक्ती काढली. पाणी घेऊन येते ती सूनबाई, आणि पायाशी बसते ती ताई. नोकरीभर चहा ओळखला त्या माणसानं, दोन बायका ओळखायला काय लागतं?

एके दिवशी दुपारी सूनबाई तेल चोळायला त्यांच्या पायाशी बसली. सासरेबुवांनी कूस बदलली, आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू, बोलायला लागले.

"हे बघ पोरी, माझं ठरलं. पट्टी सुटली की मी तिकडेच येतो, तुझ्याकडे. पण सूनबाईला एवढ्यात कळू देऊ नकोस. जीव लावते बिचारी. वाईट वाटेल तिला."

सूनबाईचा हात तळपायावरच थांबला. घशाशी शब्द आले, पण नेम आडवा आला! ती उठली, पदराला डोळे पुसले आणि बाहेर गेली. पदराला चंदन होतं, त्यामुळे डोळे आणखीच वाहायला लागले.

संध्याकाळी चिरंजीव घरी आले, तर माजघरात बहीण स्वतःची बॅग भरत होती, आणि आतल्या खोलीत बायको बाबांची! दोघींच्या नाकाचे शेंडे लाल.

"ताई, तू कुठे निघालीस?"

"माझ्या घरी! इथं माझी कोणाला गरज आहे?"

"आणि तू काय करतेयस?" ते आत जाऊन बायकोला म्हणाले.

"बाबांचे स्वेटर ठेवतेय. ताईंच्या घरी थंडी असते." एवढं म्हणून सूनबाईनं हुंदका दिला.

"पण ताई तर एकटीच निघालीय!"

"एकटी कशी? बाबांनी मला स्वतः सांगितलं, ते तिकडे जाणार म्हणून."

बाहेरून ताईचा आवाज आला, "काय? अगं, बाबांनी मला सांगितलं, ते इथेच राहणार म्हणून! मी पाणी घेऊन गेले, तर माझा हात धरून म्हणतात, 'मी कुठे जात नाही पोरी, या घरातून मला आता उचलूनच न्यायचं. पण लेकीला एवढ्यात सांगू नकोस, ती रडेल.' मी! मीच लेक, आणि मलाच सांगतात लेकीला सांगू नकोस!"

सूनबाई बाबांचा स्वेटर हातात घेऊन बाहेर आली. "मला म्हणाले, 'सूनबाईला कळू देऊ नकोस.'"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चिरंजीव आधी बहिणीच्या जवळ गेले, मग बायकोच्या जवळ, मग स्वतःच्या हाताचा वास घेतला. ते दिवसभर बाहेर असायचे, त्यामुळे तिघांत त्यांचंच नाक काय ते थोडंफार जिवंत होतं.

"अगं, तुम्हां दोघींच्या अंगाला एकच वास येतोय! त्यांनी तुला ताई समजून सांगितलं, आणि ताईला तू समजून! एकीला वचन दिलं तिकडे येतो म्हणून, आणि दुसरीला इथे राहतो म्हणून!"

"म्हणजे बाबा आपल्या दोघींना बनवतायत?" ताई म्हणाली. तिनं बॅग खाली आपटली. "चल वहिनी! आत्ताच्या आत्ता विचारू!"

तिघं एकामागोमाग एक बाबांच्या खोलीत गेले. चिरंजीव पुढे. त्यांच्या जड पावलांनी पलंग हादरला, तशी सासरेबुवांनी मान वळवली. वास एकच आला, तेव्हा माणूसही एकच आलंय असा त्यांनी हिशेब केला.

"ये रे. आलास छापखान्यातून? दार लाव. एकटाच आहेस ना?"

चिरंजीवांनी मागे बघितलं. ताईनं तोंडावर बोट ठेवलं होतं, आणि दुसऱ्या हाताची मूठ वळली होती.

"हो, बाबा. एकटाच!" ते कानाशी ओरडले.

"बस. अरे, मी एक घोळ करून ठेवलाय." सासरेबुवा मिश्कील हसले. "दोघींनाही हो म्हणून बसलोय! काय करणार? एकीला हो म्हटलं की दुसरीची सेवा बंद. आत्ता बघ, कसं आहे! एक पाय दाबते, दुसरी उशी नीट करते. मी नुसतं 'हं' केलं की दोन पेले पाणी येतं! पट्टी सुटेपर्यंत असंच चालू द्यावं म्हणतो."

ताईचे डोळे एवढे मोठे झाले, की एखाद्या डोळ्याच्या डॉक्टरनं लगेच तपासायला घेतले असते!

"पण बाबा, खरं सांगा," चिरंजीवांनी कानाशीच विचारलं, "राहायचंय कुठे तुम्हाला?"

सासरेबुवा पांघरुणाची कड बोटांनी चाचपत राहिले.

"इथेच रे. ताईचं घर मोठं आहे, चहाही ती चांगला करते. तुझ्या बायकोचा चहा तसा बेताचाच! उकळून उकळून जीव घेते त्याचा. पण कप हातात दिला की ती तिथेच उभी राहते आणि विचारते, 'बाबा, कसा झालाय?' रोज विचारते. मी नुसतं 'चालेल' म्हणतो. पण विचारते! अरे, एक काळ होता, मी मान हलवल्याशिवाय चहाची पेटी हलत नव्हती. आता मला कोण काय विचारतं? जेवलात का, आणि गोळी घेतलीत का. बस्स. माझं मत विचारणारं तेवढं एकच माणूस उरलंय."

सूनबाईनं स्वेटर तोंडाशी धरला. तिला पाया पडावंसं वाटलं, आणि 'बेताचाच' ऐकून स्वयंपाकघराला आग लावावीशीही वाटली. दोन्ही एकदमच!

"बाबा!" ताईला आता राहवेना. ती अशी ओरडली, की यंत्राशिवायही त्यांना आवाज ओळखू आला.

सासरेबुवा ताडकन उठून बसले. "कोण? ताई? तू कधी आलीस?"

"मी आहे, वहिनीही आहे, सगळेच आहोत!"

सासरेबुवांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. आतून आवाज आला, "मला झोप लागलीय. चंदनानं लागते म्हणतात."

"झोपलेली माणसं असं सांगत नाहीत, बाबा! उठा!" ताईनं पांघरूण ओढून काढलं आणि थेट कानाशी ओरडली. "वहिनी विचारते म्हणून तिच्याकडे राहणार? मग मीपण विचारीन! आणि चहा माझाच चांगला आहे, तुम्हीच म्हणालात. ठरलं तर! दोघी चहा करतो. कोणाचा कोणता ते सांगणार नाही. जो कप तुम्हाला चांगला वाटेल, तिच्याकडे तुम्ही राहायचं! कबूल?"

आता चहाची परीक्षा म्हटल्यावर सासरेबुवा मागे हटतात होय? ते पाठ ताठ करून बसले. "कबूल! चहाच्या बाबतीत मी आयुष्यात खोटं बोललो नाही."

"वहिनी, तुला कबूल?"

सूनबाईनं हातातला स्वेटर घट्ट धरला. आत्ता, एवढ्यात, जिंकलेले सासरे पुन्हा हातातून निसटत होते, आणि तेही तिच्या बेताच्या चहापायी! नाही म्हणावं, तर उलट उत्तर होतं. तिनं मान हलवली.

स्वयंपाकघरात दोन शेगड्या पेटल्या. कोणी कोणाकडे बघेना. सूनबाईनं आधणाकडे बघून देवाचं नाव घेतलं, आणि आज कधी नव्हे तो चहा लवकर गाळला. ताईनं साखर घालताना ओठ मिटले होते, जशी काही औषधाची मात्राच घालतेय. दोन सारखे कप चिरंजीवांच्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवून दोघी पुढे जाऊन पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

बोळातून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग चिरंजीव आले. चेहरा घामेजलेला, पण ट्रेमध्ये दोन कप व्यवस्थित. नेहमीपेक्षा कमी भरलेले, एवढंच.

सासरेबुवांनी बाह्या सावरल्या. डावा कप घेतला, नाकाशी धरला. कपाळाला आठ्या पडल्या. सूनबाईला ठाऊक होतं, त्या नाकात चंदनाशिवाय काही शिरत नाही! मग त्यांनी फुर्रर्र करून घोट ओढला. तोंडात घोळवला. उजवा कप घेतला, पुन्हा फुर्रर्र! सूनबाईनं डोळे मिटून घेतले.

"डावा," सासरेबुवा न्यायाधीशासारखे म्हणाले, "उत्तम. रंग कळत नाही, पण अंगात जीव आहे. आणि उजवा..." त्यांनी तोंड वाकडं केलं. "पेंढा धुतलेलं पाणी! कोणी केला हा?"

"सांग रे!" ताई भावाला म्हणाली. "डावा कोणाचा?"

चिरंजीवांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मग जमिनीकडे.

"त्याचं काय आहे... बोळातली फरशी तेलानं बुळबुळीत झालीय. पाय सटकला आणि एक कप सांडला. मग उरलेला मी दोन कपांत अर्धा अर्धा केला."

"काय?"

"दोन्ही एकच आहेत. कोणाचा सांडला आणि कोणाचा राहिला, देवाला ठाऊक!"

ताईनं हे सगळं बाबांच्या कानात जसंच्या तसं ओरडून सांगितलं. सासरेबुवांच्या हातातला उजवा कप हळूहळू खाली आला. त्यांनी पुन्हा एक घोट घेऊन पाहिला. मग डाव्यातला. खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे आला.

"म्हणजे... मी चुकलो?"

सूनबाईच्या काळजात चर्र झालं. पण ताईच्या घशातून आधी एक फुसकारा निघाला, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग ती पलंगाच्या कडेवर बसून अशी हसायला लागली, की तिला पाणी द्यावं लागलं.

"वहिनी," ती डोळे पुसत म्हणाली, "ठेव बाई यांना तुझ्याकडेच! माझ्याकडे आले, तर सकाळी माझा चहा उत्तम म्हणतील आणि संध्याकाळी त्याच पातेल्यातल्याला पेंढा! मला काही झेपायचं नाही. मीच येत जाईन." मग बाबांचा हात हातात घेऊन ती कानाशी वाकली. "आणि आले, की मत विचारत जाईन. कळलं?"

सासरेबुवांनी मान हलवली. पण हातातला कप ते पुन्हा पुन्हा नाकाशी नेत राहिले. सूनबाई मात्र हवेत तरंगत होती. सासरे राहिले! बाबांचे स्वेटर तिनं पुन्हा कपाटात ठेवले, खिडक्या उघडल्या, पडदे भिजत घातले, बोळातली फरशी साबणानं धुतली. आणि गोळीची वेळ झाली, तशी पेला हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"बाबा!" तिनं कानाशी जाऊन हाक मारली, आणि पेला हातात दिला. गोळी द्यायला दुसरा हात पुढे करणार, तेवढ्यात सासरेबुवांनी घाईघाईनं घोट घेतला. ती काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "उत्कृष्ट! सूनबाई, उत्कृष्ट झालाय!"

गोळीसाठी आणलेलं कोमट पाणी होतं ते.

सूनबाईनं तोंड उघडलं. मग मिटलं. इतक्या वर्षांत ते 'चालेल'च्या पुढे कधी गेले नव्हते! आणि शिवाय, ते पाणी आहे असं सांगणं म्हणजे उलट उत्तरच झालं असतं, नाही का?